चाळीस फुटी ट्रेलर वीस इंचांत

आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. आज आपण ट्रेलर बनवायचा आहे. हायवेवरून कंटेनर घेऊन जातो तोच, अठरा चाकी. फक्त तो आपल्या अंगणात मावेल एवढा असेल.

विषय माझ्या डोक्यातून आलेला नाही. हायवेलगतच्या दोन गटांत मला एकच प्रश्न आला, "ताई, पोरं सनबोर्डाच्या गाड्या करतात, हुबेहूब करतात. त्यात काही आहे का?" आहे. पण बाजारात विकण्यापेक्षा वेगळंच काहीतरी आहे, असं माझं मत झालंय. नीट मापात केलेला लहान ट्रेलर वळणावर अगदी खऱ्या ट्रेलरसारखा वागतो. त्याची मागची चाकं कुठून जातात आणि चालकाला काय दिसत नाही, हे आपल्याला अंगणात बसून, कोणाचा जीव धोक्यात न घालता बघता येतं. ज्यांची मुलं शाळेसाठी हायवे ओलांडतात त्यांनी तरी हे एकदा बघावंच. मात्र त्यासाठी माप चुकता कामा नये, म्हणून आधी मापाचं आणि बनवण्याचं बोलू.

ट्रेलर म्हणजे दोन गाड्या असतात. पुढची इंजिनाची, जिला चालक मंडळी "घोडा" म्हणतात, आणि मागचा लांबलचक सांगाडा. आपली चार चाकांची ट्रॉली स्वतःच्या चाकांवर उभी असते, ट्रॅक्टर तिला नुसता ओढतो. ट्रेलरचं तसं नाही. त्याला पुढे चाकंच नसतात. त्याचं पुढचं ओझं घोड्याच्या पाठीवर टेकलेलं असतं, म्हणून इंग्रजीत त्याला सेमी-ट्रेलर, म्हणजे अर्धा ट्रेलर म्हणतात. घोड्याच्या पाठीवर एक गोल, ग्रीस लावलेली लोखंडी तबकडी असते. ट्रेलरच्या पोटाखाली एक खुंटी असते, तिला किंगपिन म्हणतात. ती तबकडीच्या खाचेत अडकते आणि सगळा ट्रेलर त्या खुंटीभोवती फिरतो. खुंटीची जाडी किती, तर दोन इंच. चाळीस फुटांचा कंटेनर दोन इंचांच्या खुंटीवर ओढला जातो, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी चालकाला दोनदा विचारलं होतं.

आता प्रमाण. मॉडेल करणारे लोक "एकास चोवीस" म्हणतात, म्हणजे खऱ्या वस्तूचे चोवीस इंच आपल्याकडे एक इंच. पण शिवणकाम करणाऱ्यांना हे आणखी सोपं करून सांगते. चोवीस इंच म्हणजे दोन फूट. दोन फुटांचा एक इंच, म्हणजे एका फुटाचा अर्धा इंच. बस्स, एवढंच लक्षात ठेवायचं. ब्लाउजच्या टेपने सगळं काम होतं.

वही जवळ असेल तर लिहून घ्या. कंटेनर चाळीस फूट लांब, तो होईल वीस इंच. रुंदी आठ फूट, होईल चार इंच. उंची साडेआठ फूट, होईल सव्वाचार इंच. ट्रकचं टायर साधारण बेचाळीस इंच उंच असतं, त्याचं पावणेदोन इंच. साडेपाच फुटांचा चालक पावणेतीन इंचांचा. तीन फुटांचं लेकरू दीड इंचाचं. ती दोन इंचांची खुंटी किती होईल? जेमतेम दोन मिलिमीटर, म्हणजे एक बारीक खिळा. घोडा आणि ट्रेलर जोडून सगळी गाडी सव्वीस इंचांच्या आसपास भरते. पण घोड्याची मापं कंपनीगणिक बदलतात, त्यामुळे ती अंदाजाने धरू नका. ढाब्यावर उभी असलेली गाडी चालकाला विचारून मोजून घ्या. दोघी जा, लांब टेपचं दुसरं टोक कोणीतरी धरावं लागतं. चालक बहुतेक नाही म्हणत नाहीत, उलट पुढच्या चाकापासून मागच्या चाकाचं अंतर मोजा, ते महत्त्वाचं आहे, असं तेच सांगतात.

एकास चोवीस हेच एक प्रमाण आहे असं नाही. अमेरिकेत या छंदाचं मोठं घर आहे आणि तिथे एकास पंचवीस जास्त चालतं. त्यामागे गंमत आहे. तिथे एएमटी नावाची कंपनी १९४८ साली सुरू झाली. ती मोटारविक्रेत्यांसाठी नव्या मोटारींच्या लहान प्रतिकृती करायची. गिऱ्हाईकाला दाखवायला आणि पोरांच्या हातात द्यायला. त्या प्रतिकृती एकास पंचवीस होत्या, पुढे सुटे भाग जोडून करायचे संच निघाले तेही त्याच मापाचे राहिले. जपानच्या टामिया कंपनीचे ट्रक एकास चौदा असतात, मोठे, रिमोटवर चालणारे, आत खरे गिअर. ते महाग असतात. आपल्या अंगणाला एकास चोवीसच बरं.

अमेरिकेत ट्रकच्या संचांना खरा बहर आला तो १९७० च्या दशकात. त्या काळी तिथे ट्रकचालक हा टीव्हीवरचा नायक झाला होता. १९७४ ते १९७६ या काळात "मूव्हिंग ऑन" नावाची मालिका होती, दोन चालक आणि त्यांचा केनवर्थ ट्रक. लगेच त्या ट्रकचा संच बाजारात आला. १९७५ च्या शेवटी "कॉन्व्हॉय" हे गाणं आलं, ते ट्रकचालकांच्या आपसातल्या रेडिओ संभाषणावर होतं. होय, रेडिओ! तिथले चालक ट्रकमध्ये छोटा दुतर्फी रेडिओ ठेवायचे आणि पुढे पोलीस आहे का, रस्ता बंद आहे का, हे एकमेकांना सांगायचे. आपल्या या रेडिओची जरा लांबची मावसबहीणच म्हणा.

त्या ट्रकांना लांब नाक असतं, आपल्याकडचे सपाट तोंडाचे. हा निव्वळ आवडीचा भाग नाही, कायद्याचा आहे. आपल्याकडे आणि युरोपात घोडा धरून पूर्ण गाडीच्या लांबीवर मर्यादा आहे. नाक लांब केलं की मालाची जागा गेली. अमेरिकेत १९८२ साली कायदा झाला आणि मोठ्या महामार्गांवर पूर्ण गाडीची लांबी मोजण्याऐवजी ट्रेलरची मोजू लागले. मग घोड्याचं नाक कितीही लांब असो, मालाला तोटा नाही. चाकांचंही तसंच. त्यांचीही गाडी अठरा चाकी म्हणतात, आपलीही. पण त्यांच्या घोड्याला दहा चाकं आणि ट्रेलरला आठ. आपल्याकडे हायवेवर सर्रास दिसणाऱ्या गाडीत घोड्याला सहा आणि ट्रेलरला बारा. आपल्याकडे घोड्याला दहा असले की बावीस चाकी. मोबाईलवर परदेशी गाडीचं चित्र बघून मॉडेल केलं तर इथेच फसगत होते. पुढे आपल्याला आपल्या रस्त्यावरच्या गाडीचा अभ्यास करायचाय, म्हणून गाडी आपलीच हवी.

आता हात घालू. तीन आणि पाच मिलिमीटरचा सनबोर्ड स्टेशनरीच्या दुकानात मिळतो, मुलांच्या प्रकल्पांना लागतो तोच. कंटेनर आणि केबिन त्याचं होतं. चेसिसला मात्र सनबोर्ड नको, तो वीस इंचांत मधे वाकतो. तिथे लाकडी पट्टी घ्या, सुताराकडची रंधून सरळ केलेली. सगळी गाडी या दोन पट्ट्यांवर उभी राहते. पट्ट्या सपाट फरशीवर ठेवून बघायच्या, एक टोक जरी उचललं गेलं तरी बदलायची. इथे आळस केला तर शेवटी अठरांपैकी चार चाकं हवेत राहतात.

चाकांसाठी आपल्या भागात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला माल आहे, जुन्या चपलेचा तळ. पोरं त्याच्या गाड्या करत आलीच आहेत. पावणेदोन इंचांचा गोल पत्र्याच्या डबीने आखून कापायचा, मधोमध भोक पाडायचं. भोक जराही बाजूला गेलं की चाक लंगडतं. मागची चाकं जोडीने बसतात, हे विसरू नका. आणि एक गोष्ट मी जोर देऊन सांगते, चाकं फिरली पाहिजेत. शोभेच्या मॉडेलला चाकं चिकटवलेली चालतात. आपल्याला चालणार नाहीत. चिकटवलेलं चाक वळणावर आडवं घसरतं आणि मग खऱ्या गाडीचा मार्ग दिसत नाही. ट्रेलरचे तीनही आस पट्टीला काटकोनात हवेत. गुण्या नसेल तर वहीच्या पानाचा कोपरा लावून बघा. घोड्याची पुढची चाकंही डावी-उजवीकडे वळली पाहिजेत. त्यांचा आस एका खिळ्यावर फिरता ठेवला तरी पुरे.

बाकीचं सामान घरात असतं. पुढची काच शर्टाच्या डब्याच्या पारदर्शक झाकणाची. आरशाला गोळ्यांच्या पाकिटाची चांदी. मागच्या लाल रिफ्लेक्टरला लाल टिकल्या, अगदी बारीक घ्या. ताडपत्री हवी असेल तर जुन्या छत्रीचं कापड, कारण त्याची वीण बारीक असते. साध्या सुती कापडाची वीण या मापात गोणपाटासारखी दिसते. घोड्यापासून ट्रेलरला हवेच्या ब्रेकच्या लाल-पिवळ्या वेटोळ्या नळ्या जातात, त्या विणायच्या सुईवर रंगीत वायर गुंडाळून छान होतात. खऱ्या गाडीत ती नळी तुटली आणि हवा गेली, तर ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात. ब्रेक सोडून ठेवायला हवेचा दाब लागतो.

कंटेनर ट्रेलरवर दोरीने बांधलेला नसतो. चारही कोपऱ्यांना खाली फिरवून अडकवायचे लोखंडी कुलूप असतं. मॉडेलमध्ये चार कोपऱ्यांना चार खिळे आणि कंटेनरच्या तळाला चार भोकं पुरेत.

चिकटवायला सनबोर्ड आणि लाकडाला फेविकॉल चालतो. प्लॅस्टिकला चालत नाही. झटपट चिकटणारा गोंद वापरत असाल तर तो सनबोर्डाचा फोम खातो, आधी तुकड्यावर करून बघा. त्याने बोटंही चिकटतात. स्प्रेचा रंग घरात मारू नका, चुलीजवळ तर मुळीच नको. ब्लेडच्या चाकूखाली जुना पाट ठेवा आणि पातं नेहमी हाताच्या उलट्या दिशेने. रंगाचे दोन पातळ हात द्या, एक जाड देऊ नका. जाड रंग या मापात प्लास्टर मारल्यासारखा दिसतो.

वजनाचं एक गणित गटातल्या मुलींना घालून बघा. आपल्या अठरा चाकी गाडीला मालासकट साडेपंचेचाळीस टनांपर्यंत परवानगी असते. लांबी, रुंदी आणि उंची, तिन्ही चोवीसपट कमी झाल्या. म्हणजे चोवीस गुणिले चोवीस गुणिले चोवीस, तेरा हजार आठशे चोवीस. साडेपंचेचाळीस टनांना त्याने भागलं की सव्वातीन किलोच्या थोडं वर येतं. लोखंडाची गाडी जादूने लहान झाली तर तिचं वजन एवढं भरेल. आपली सनबोर्डाची गाडी फार हलकी असते, म्हणून कंटेनरमध्ये थोडी वाळू भरा. हलकी गाडी फरशीवर उड्या मारते.

सजावटीत ज्याची त्याची हौस. अमेरिकेतले छंदी लोक संचातली गाडी जशीच्या तशी ठेवतच नाहीत. चेसिस मधे कापून लांब करतात, चालकाच्या झोपण्याची खोली मोठी करतात, चकचकीत धुरांड्या लावतात, दिव्यांच्या रांगा लावतात. दोन संचांचे भाग एकत्र करून तिसरीच गाडी करतात. अनेक जण चालक असतात आणि स्वतः चालवलेली गाडी करतात, तिच्या पोचा आणि गंजासकट. मला हे सगळ्यात आवडलं. आपल्याकडे काळे गोंडे, नजर लागू नये म्हणून राक्षसाचा मुखवटा, मालकाच्या मुलांची नावं, लिंबू-मिरची. लिंबाचं माप काढाल तर मोहरीचा दाणा बरोबर बसतो, पिवळा रंगवायचा. मागे "हॉर्न ओके प्लीज" लिहायचं की नाही हा वादाचा मुद्दा आहे. २०१५ साली महाराष्ट्र सरकारने खऱ्या गाड्यांवर ते लिहायला बंदी घातली, कारण त्याने विनाकारण हॉर्न वाजवायला प्रोत्साहन मिळतं. मॉडेलला बंदी नाही. जुनी गाडी असेल तर लिहा.

विक्रीचं मी थोडक्यात सांगते, कारण पुढे प्रश्न येणारच. एका मॉडेलला किती तास लागले ते वहीत मांडा, आपल्या मजुरीच्या दराने गुणा आणि मग दुकानात टांगलेल्या प्लॅस्टिकच्या ट्रकची किंमत बघा. हिशोब आपोआप कळेल. निवृत्त होणाऱ्या चालकाला त्याच्या गाडीची प्रतिकृती, किंवा एखाद्या ट्रान्सपोर्टच्या कार्यालयात काचेच्या पेटीत ठेवायला, अशी मागणीनुसार कामं मिळतात तिथे आगाऊ रक्कम घेऊन करा. यासाठी गटातून कर्ज उचलू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि लहान मुलांचं खेळणं म्हणून विकायचं असेल तर कायदा आहे. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह लागतं. विकास आयुक्त हस्तकला यांच्याकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी बनवून विकलेल्या खेळण्यांना त्यातून सूट आहे. टिकल्या, खिळे, मोहरी लावलेली गाडी दोन वर्षांच्या लेकराच्या हातात देऊच नये, कायदा असो वा नसो.

आता ज्यासाठी हे सगळं केलं ते. अंगण सारवून किंवा झाडून घ्या आणि रांगोळीने तुमच्या गावचा फाटा काढा. त्याच मापात, फुटाला अर्धा इंच. सात मीटरचा रस्ता म्हणजे तेवीस फूट, तो साडेअकरा इंच रुंद निघेल. गावाकडे वळणारा रस्ता बारा फुटी असेल तर सहा इंच. झाड, टपरी, बसथांबा, जिथे खरंच आहे तिथे ठेवा. घोड्याच्या पुढच्या डाव्या चाकाला ओला गुलाल लावा आणि ट्रेलरच्या शेवटच्या डाव्या चाकाला ओली हळद. मग गाडी हळूहळू ओढत डावीकडे वळवा. हाताने ट्रेलर ढकलायचा नाही, तो घोड्यामागे आपला आपण आला पाहिजे.

लाल रेघ फाट्यावरून बाहेरून फिरून जाईल आणि पिवळी रेघ आतून कापेल. ट्रेलरची चाकं घोड्याच्या चाकांमागून जात नाहीत, ती कोपऱ्याकडे सरकतात. दोन्ही रेघांमधलं जास्तीत जास्त अंतर टेपने मोजा आणि दुप्पट करून फूट म्हणा. तीन इंच भरले तर सहा फूट, चार भरले तर आठ. वळण जितकं तंग तितकं अंतर जास्त. आता पुठ्ठ्याची सव्वातीन इंचांची मोटारसायकल घोड्याच्या डाव्या बाजूला, रस्त्याच्या कडेला ठेवून पुन्हा वळवा. घोडा पुढे निघून जातो आणि मोटारसायकलवाल्याला वाटतं की आपण सुटलो. मग ट्रेलरची मागची चाकं येतात. वळायला गाडी आधी उजवीकडे जाते, डावीकडे मोकळी जागा दिसते आणि लोक तिथेच शिरतात. ती जागा मोकळी नसते, ट्रेलरला लागणार असते.

दुसरं बघायचं ते चालकाचं डोळ्याचं. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. केबिनमध्ये त्याच्या डोळ्याच्या उंचीवर, जमिनीपासून सुमारे चार इंचांवर, एक दोरा बांधा. समोरच्या काचेच्या खालच्या कडेला टेकवून तो ताणून जमिनीपर्यंत न्या. दोऱ्याच्या खाली जे येईल ते त्याला काचेतून दिसत नाही. तसाच दोरा डाव्या खिडकीच्या खालच्या कडेवरून न्या. डावीकडची न दिसणारी पट्टी समोरच्यापेक्षा कितीतरी रुंद निघेल, कारण ती खिडकी त्याच्यापासून लांब आहे. आरसे काही भाग दाखवतात, पण आरसा तो त्या क्षणी बघत असेल तर. मातीची पुतळी करून दोऱ्याखाली उभी करा आणि कुठपर्यंत ती दोऱ्याच्या खाली राहते ते खडूने आखा. खडूच्या आतली जागा ती शाळेतल्या मुलांना दाखवायची. पुतळी दीड इंचाचीच ठेवा. हौसेने अडीच इंचांची केलीत तर ती दोऱ्याच्या वर येईल आणि सगळं चुकीचं शिकवलं जाईल.